नावाड्याची दोन बोटं: पहिली साइड क्वेस्ट कशी चालवायची

"काका, तुमची दोन बोटं कुठे गेली?"

आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर रोग, म्हणजे चोराचं पात्र, खेळणाऱ्या मैत्रिणीने हे विचारलं, तेव्हा खेळ चालवणारा डीएम (डंजन मास्टर) असूनही माझ्याकडे उत्तर नव्हतं. पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, नदी ओलांडायची होती. नावाडी जेमतेम दोन मिनिटांसाठी येऊन जाणार होता. वर्णनाच्या ओघात माझ्या तोंडून "डाव्या हाताला तीनच बोटं असलेला म्हातारा" असं निघून गेलं, एवढंच. मी नावाड्याच्या आवाजात म्हणालो, "त्याची गोष्ट लांब आहे, पोरी. पाणी चढतंय, आधी पलीकडे चला." आणि स्क्रीनच्या आड वहीत लिहून ठेवलं: नावाडी, दोन बोटं, का?

त्या एका ओळीतून पुढच्या रविवारची साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य कथेच्या कडेची छोटी मोहीम, निघाली. टेबलावर अजूनही तिचाच विषय निघतो. त्याआधीच्या माझ्या साइड क्वेस्ट कशा असायच्या, ते सांगायला लाज वाटते. पहिल्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या सलग कथेत, मी गावच्या चौकात एक फलक लावला आणि त्यावर अकरा कामं टांगली. तळघरातले उंदीर, हरवलेली बकरी, व्यापाऱ्याचं पार्सल, असलं सगळं. खेळाडू गुणी निघाले, त्यांनी सगळीच कामं घेतली. चार महिने आम्ही बकऱ्या शोधत होतो. मग एकदा क्लेरिक (धर्मगुरूचं पात्र) खेळणाऱ्याने विचारलं, "आपण मुळात कोणाच्या मागे निघालो होतो?" कोणालाच सांगता येईना. मलाही वही चाळावी लागली. त्यानंतर दोन सेशन झाली आणि ते कॅम्पेन बंद पडलं.

डंजन्स अँड ड्रॅगन्सची दोन-चार सेशन डीएम म्हणून चालवून झाली असतील आणि आता मुख्य कथेच्या कडेला काही छोटं करून बघावंसं वाटत असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांचे आहेत, कारण आमचं टेबल अजून त्यांवरच चालतं. चार खेळाडू, सगळे लेव्हल ३, रविवारी दुपारी तीन तास. पुस्तकं घेतलेली नसली तरी अडत नाही. या नियमांचा गाभा, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत खुला झाला. खाली जे झॉम्बी आणि घूल (प्रेतं खाणारे) येतात, ते दोन्ही त्यात सापडतील.

१. खेळाडू काय विचारतात ते टिपा

नवा डीएम साइड क्वेस्ट घरी बसून रचतो. रचायला मजाही येते. पण तुम्ही तीन तास खपून तयार केलेल्या शापित विहिरीकडे खेळाडू ढुंकूनही बघत नाहीत आणि तुम्ही सहज उल्लेख केलेल्या भटारखान्यातल्या मुक्या पोराला दत्तक घ्यायला निघतात. याचा राग येऊ देऊ नका. त्यांना कशात रस आहे, ते त्यांनी फुकटात सांगितलेलं असतं.

म्हणून वहीचं शेवटचं पान राखून ठेवा आणि सेशन चालू असताना खेळाडूंचे प्रश्न तिथे उतरवा. "या गावात म्हातारी माणसं दिसत नाहीत, का?" "पहारेकऱ्याने आपल्याला बघून मान का फिरवली?" "हा पूल अर्धाच का बांधलाय?" उत्तर लगेच द्यायला हवं असं नाही. एका सेशनमध्ये तीन-चार प्रश्न जमतात. दोन सेशननंतर तेच पान वाचा. ज्या प्रश्नावर एकाहून जास्त खेळाडू रेंगाळले होते, तुमची पुढची साइड क्वेस्ट तिथे आहे.

मग कामांचा फलक वाईटच का? तसं नाही. २०१९ च्या इसेन्शियल्स किटमधलं साहस जवळजवळ पूर्णपणे अशा फलकावर चालतं आणि नवशिक्यांना ते जमतंही. पण तिथे फलक हाच कथेचा कणा आहे आणि सुरुवातीला त्यावर फक्त तीन कामं असतात, त्यातली दोन झाल्यावर पुढची लागतात. माझ्या फलकावर अकरा होती आणि कणा दुसरीकडेच होता.

२. अर्ध्या पानात मावेल एवढीच तयारी

क्वेस्टला लागतो एक माणूस, त्याला हवी असलेली एक गोष्ट, आणि ती गोष्ट सरळ मिळू न देणारी एक अडचण. नावाड्यासाठी मी जे लिहिलं होतं, ते वहीतून जसंच्या तसं देतो:

नावाडी. म्हातारा, एकटा. आठ वर्षांपूर्वी नदीने पात्र बदललं, जुनं मंदिर पाण्याखाली गेलं.
काय हवंय: दर अमावस्येला पाण्याखालून घंटा ऐकू येते. ती थांबवा.
काय सांगत नाही: आत धाकटा भाऊ आहे. पाणी शिरलं तेव्हा दार यानेच बाहेरून ओढून घेतलं. बोटं त्या दारात गेली.
अडचण: घंटा भाऊच वाजवतो, ना धड जिवंत ना धड मेलेला. घंटा बंद झाली तर गाभाऱ्यात कोंडलेलं जे आहे ते जागं होईल.
कुठे: चाळीस फूट खोल. घंटेच्या सज्जात कमरेएवढं पाणी, वर घुमटात हवा.
धागा: गाभाऱ्याच्या दारावर राखेच्या पंथाची (मुख्य कथेतल्या खलनायकांची) खूण.
पार्टी गेलीच नाही तर: पुढच्या अमावस्येला नावाडी एकटा बुडी मारतो.

बस. या पानावर शेवट लिहिलेला नाही, आणि तो मी विसरलेलो नाही. घंटा थांबवायची की नाही, भावाचं काय करायचं, नावाड्याला खरं सांगायचं का, हे पार्टीने ठरवायचं. मी उत्तर आधी लिहून ठेवलं असतं, तर सेशनभर त्यांना त्या उत्तराकडे ढकलत बसलो असतो. माझा स्वभाव मला माहीत आहे.

शेवटची ओळ मात्र नक्की लिहा. पार्टी नाही गेली तर काय होतं? ही ओळ नसेल तर क्वेस्ट फ्रीजमध्ये ठेवलेल्या डब्यासारखी होते, कधीही काढा, तशीच्या तशी. खेळाडूंना हे फार लवकर कळतं.

नावांबद्दल थोडं. सुरुवातीला मी सगळ्या एनपीसींना, म्हणजे डीएमने चालवायच्या पात्रांना, भारदस्त परकी नावं द्यायचो. टेबलावरच्या एकालाही ती आठवायची नाहीत. "तो दाढीवाला" आणि "ती दुकानातली" यावरच काम चालायचं. गिरणीवाल्याचं नाव एकदा वैतागून दगडू ठेवलं, तर तो आजतागायत सगळ्यांच्या लक्षात आहे. कल्पित जगात दगडू शोभतो का, हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही.

३. मुख्य कथेला श्वास घ्यायला जागा द्या

ही पायरी बहुतेकांची चुकते, माझीही चुकली होती. मुख्य कथेत "तीन दिवसांत राजधानी पडणार" असं सांगायचं आणि मग वाटेत म्हाताऱ्याची दुःखद कहाणी पुढे करायची. चांगले खेळाडू अशा वेळी थांबत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असतं. थांबले तर आणखी वाईट, कारण मग राजधानीच्या धोक्यावर कोणाचाच विश्वास उरत नाही.

मुदत असू द्या, पण ऐसपैस. आमच्याकडे राखेचा पंथ दोन अमावस्यांनंतर किल्ल्यावर जमणार होता. किल्ला साधारण शंभर मैलांवर. नियमांप्रमाणे साध्या चालीने दिवसाला २४ मैल होतात, म्हणजे चार-साडेचार दिवसांची वाट. हातात जवळपास सहा आठवडे. खेळाडूंनी हा हिशेब माझ्यासमोरच केला आणि विझार्ड म्हणाला, "मग वेळ आहे की आपल्याकडे." हे वाक्य ऐकू आलं की साइड क्वेस्ट पुढे करायला हरकत नाही.

मात्र ते पाण्याखाली असताना जग थांबलं नाही पाहिजे. आर्नेसनच्या ब्लॅकमूरची गोष्ट इथे आठवते. हा खेळ १९७४ मध्ये छापला गेला, त्याच्या आधीच खेळाच्या दोन निर्मात्यांपैकी एक, डेव्ह आर्नेसन, मिनेसोटात आपल्या मित्रांसाठी ब्लॅकमूर नावाचं कॅम्पेन चालवत होता. खेळाडूंना किल्ल्याखालच्या तळघरांचं असं वेड लागलं की वर किल्ल्याच्या रक्षणाकडे कोणाचं लक्षच राहिलं नाही, आणि शत्रूने किल्ला घेतला. तेव्हापासून डीएम लोकांची हीच कसरत चालू आहे. मी मधला मार्ग काढतो: प्रत्येक साइड क्वेस्टमागे मुख्य खलनायकाची एक चाल पुढे सरकते आणि पार्टीला तिची बातमी कुठूनतरी मिळते. किल्ला लगेच पडत नाही, पण रस्त्यावर त्याच्या माणसांची नाकी वाढलेली दिसतात.

४. एकच धागा, आणि तोही बारीक

साइड क्वेस्ट मुख्य कथेशी अजिबात जोडलेली नसेल तर ती भरताड वाटते. फार जोडली तर ती साइड क्वेस्ट राहतच नाही. मी एकच वस्तू जोडतो. इथे गाभाऱ्याच्या दारावरची खूण. पंथाने हे दार कधीकाळी बंद केलं होतं, एवढंच तिच्यातून कळतं. कोणाला ती दिसली नाही तरी क्वेस्ट पूर्ण होते.

५. तीन तासांचा खरा हिशेब

तीन तास म्हणजे तीन तास नसतात. पहिला अर्धा तास चहा, उशिरा आलेला एकजण आणि "मागच्या वेळी काय झालं होतं" यात जातो. शेवटची दहा मिनिटं पुढची तारीख ठरवण्यात. उरतात दोन तास आणि थोडं. चार खेळाडूंची एक बरी लढाई आमच्याकडे पाऊण तास घेते, कारण विझार्डला प्रत्येक स्पेलचं वर्णन मोठ्याने वाचायचं असतं.

म्हणजे एका सेशनच्या क्वेस्टमध्ये एक लढाई, दोन बोलण्याचे प्रसंग, एक शोधाशोध. यापेक्षा जास्त लिहिलंत तर ती दोन सेशनांची झाली असं समजा. दोन चालतील. तिसऱ्यात गेली की मुख्य कथेचे तपशील खेळाडूंच्या डोक्यातून निसटायला लागतात, विशेषतः मधला एखादा रविवार कोणाच्या लग्नात गेला असेल तर.

६. लढाईचं गणित

माझ्या मंदिरात बुडालेल्या पुजाऱ्यांचे चार झॉम्बी आणि एक घूल. झॉम्बीचे ५० एक्सपी (अनुभवाचे गुण), घूलचे २००, बेरीज ४००. राक्षस तीन ते सहा असले की २०१४ च्या नियमात अवघडपणा मोजताना या बेरजेला दोनने गुणायचं, म्हणजे ८००. लेव्हल ३ च्या चौघांसाठी मध्यम लढाई ६०० पासून आणि कठीण ९०० पासून सुरू होते. मग ही लढाई मध्यम, पण कठीणच्या उंबरठ्यावर. एका सेशनला पुरेशी. २०२४ च्या सुधारित नियमांत हा गुणक काढून टाकलाय, त्यामुळे तुम्ही ती पुस्तकं वापरत असाल तर तिथला तक्ता बघा, दोन्हींची सरमिसळ करू नका.

इथे नवशिके हमखास फसतात. गुणलेला आकडा फक्त अवघडपणा जोखायला असतो. वाटायचे एक्सपी मूळ बेरजेचे, म्हणजे ४०० भागिले चार, प्रत्येकी १००. लेव्हल ३ वरून ४ वर जायला १८०० लागतात, तेव्हा शंभराने फारसं बिघडत नाही. मी सुरुवातीला गुणलेले आकडे वाटत होतो आणि पार्टी दोन महिन्यांत माझ्या खलनायकापेक्षा तगडी झाली. एक्सपीचा हिशेबच नको असेल तर टप्प्याटप्प्याने सरसकट लेव्हल द्या, पण मग एका छोट्या क्वेस्टला अख्खी लेव्हल देऊ नका.

जागेचे नियम आदल्या दिवशी वाचून ठेवा. मला वाटलं होतं की पाण्याखाली श्वासाचीच खरी भीती असेल. नियम काढून बघितला तर श्वास रोखता येतो एक मिनिट अधिक कॉन्स्टिट्यूशनचा (पात्राच्या चिवटपणाचा) मॉडिफायर, म्हणजे त्यातून मिळणारा जादा आकडा, तितकी मिनिटं. आमच्या किडकिडीत विझार्डचाही मॉडिफायर एक, म्हणजे दोन मिनिटं, म्हणजे सहा सेकंदांचे वीस राउंड. लढाई चार-पाच राउंडांत संपते. बुडण्याची भीती तिथेच विरघळली. खरी पंचाईत हत्यारांची. पोहण्याचा वेग नसलेल्याने पाण्याखाली तलवार चालवली तर डिसॲडव्हांटेज, म्हणजे फासा दोनदा टाकून कमी आकडा धरायचा. खंजीर, भाला, जॅव्हलिन, शॉर्टसोर्ड आणि ट्रायडेंटला मात्र ती अडचण नाही. आणि हा नियम झॉम्बींनाही लागू, त्यामुळे दोन्हीकडचे वार हुकत राहतात आणि लढाई रटाळ होते. म्हणून मी लढाई वर सज्जात नेली, कमरेएवढ्या पाण्यात. झॉम्बी खाली पडून पुन्हा उठतात, त्यासाठी तेवढं पाणी छान होतं. पडलेला झॉम्बी दिसेनासा होतो आणि तो संपला की नाही हे कोणालाच कळत नाही.

७. गळ टाका, ओढू नका

साइड क्वेस्ट पुढे कशी करायची? नावाड्याने पार्टीपुढे हात जोडून सगळी कहाणी सांगितली असती तर ती नोकरीची जाहिरात झाली असती. त्याऐवजी परतीच्या वाटेवर नाव नदीच्या मध्यावर आल्यावर मी फक्त म्हणालो, "खालून घंटेचा आवाज येतो. नावाडी वल्हं थांबवतो, पण वर बघत नाही."

रोगने लगेच विचारलं. फायटर म्हणाला, "ऐकलंच नाही असं समजू." दहा मिनिटं त्यांचं आपसात चाललं आणि मी बिस्किटं खाल्ली. ती दहा मिनिटं मोडू नका. पार्टीने आपणहून "चला, बघू" म्हटलं की क्वेस्ट त्यांची होते.

एक प्रश्न एकाच खेळाडूचा असेल तर बाकीचे कंटाळतात, याची काळजी घ्या. प्रत्येकाच्या पात्राच्या शीटवरचं कधीच न वापरलेलं काहीतरी शोधून ठेवा आणि त्याला क्वेस्टमध्ये कुठेतरी जागा द्या.

आणि नाही म्हणाले तर? तर नाही. वहीतल्या शेवटच्या ओळीवर खूण करा आणि पुढे चला.

८. महत्त्वाची माहिती फाशांच्या हवाली करू नका

आमच्या क्वेस्टमध्ये एक गोष्ट पार्टीला कळायलाच हवी होती: घंटा थांबली तर दार उघडेल. हे कळलं नाही तर निवडीला अर्थच राहत नाही. म्हणून ते कळण्याच्या तीन वाटा ठेवल्या. भावाने भिंतीवर कोरलेल्या रेघा. गावातल्या म्हाताऱ्या पुजारणीची आठवण. आणि घंटा वाजत असताना गाभाऱ्याच्या दारामागची खरखर थांबते, हे नुसतं उभं राहून ऐकलं तरी कळतं. पार्टी पुजारणीकडे फिरकलीसुद्धा नाही. रेघा बघताना इन्व्हेस्टिगेशनच्या रोलवर चार आले. तिसरी वाट कामाला आली.

फासे ठेवा ते तपशिलासाठी. मध्यम अवघड कामाला डीसी (रोलमध्ये गाठायचा आकडा) १५, सोप्याला १०, एवढं डोक्यात असलं की बहुतेक प्रसंग निभतात. रोल चुकला तरी माहिती मिळते, फक्त महागात पडते: वेळ जातो, आवाज होतो, कोणालातरी कळतं.

९. मग त्यांनी जे केलं

लढाई संपली. चारही झॉम्बी पाण्यात गेले, त्यातला एक दोनदा. सज्जात भाऊ घंटेचा दोर धरून उभा, डोळे मिटलेले. बार्ड, म्हणजे आमचा गायक-कवी, त्याच्याशी बोलला. भाऊ एवढंच म्हणाला, "दमलो."

माझ्या मनात दोन शक्यता होत्या. एक तर ते घंटा थांबवून गाभाऱ्यातल्या वस्तूशी लढतील, नाहीतर भावाला तसंच सोडून वर येतील आणि नावाड्याशी खोटं बोलतील. दोन्हींची मी थोडी थोडी तयारी केली होती. टेबल पाच मिनिटं गप्प होतं. मग बार्ड म्हणाला, "पाणी वाहतंय ना?"

"म्हणजे?"

"खालच्या खिडकीतून प्रवाह आत येतोय, तूच सांगितलंस मघाशी. मग घंटा नदीच वाजवू दे."

गावाबाहेर बंद पडलेली पाणचक्की होती. मी ती दोन सेशनांपूर्वी केवळ दृश्य सजवायला टाकली होती आणि विसरलो होतो. ते विसरले नव्हते. चक्कीचं लहान चाक नावेत घालून आणायचं, खिडकीत बसवायचं, घंटेचा दोर त्याला जोडायचा. विझार्डने घुमटाला भोक पाडून दोर बाहेर काढायचा बेत मांडला आणि स्वतःच रद्द केला, "नको, हवा निसटेल." फायटरची पार्श्वभूमी गिल्ड आर्टिझनची (कारागिराची), सुतारकामाची हत्यारं सहा महिने त्याच्या शीटवर नुसती लिहिलेली होती. मी डीसी १५ सांगितला. फाशावर ८, मॉडिफायर धरून १३. बार्डने आधीच बार्डिक इन्स्पिरेशन (रोलमध्ये मिळवायचा जादा फासा) देऊन ठेवलं होतं, डी-६, म्हणजे सहा बाजूंचा फासा, टाकला, ४ आले. सतरा.

सगळ्यांची नजर माझ्याकडे. मी नावाडी झालो. त्याला खाली आणलं होतं, कारण दोराची गाठ त्याच्याइतकी कोणालाच जमत नव्हती. तीन बोटांच्या हाताने त्याने गाठ मारली, चाक एकदा अडलं, मग फिरलं. घंटा वाजली. भावाच्या हातातून दोर सुटला.

अशा क्षणी डीएमचं काम फक्त होकार देण्याचं असतं. हे भौतिकशास्त्रात बसतं का, चाक गंजेल का, प्रवाहाचा जोर पुरेल का, असले प्रश्न मला पडले होते. मी ते गिळले. खेळाडूंची कल्पना तुमच्या दोन्ही शेवटांपेक्षा चांगली असेल तर तिला एक रोल द्या आणि बाजूला व्हा.

१०. बक्षीस देणाऱ्याच्या ऐपतीप्रमाणे

गरीब नावाड्याच्या घरातून जादुई तलवार निघाली तर खेळाडू खूश होतात आणि गोष्ट खोटी पडते. नावाड्याकडे एक हीलिंग पोशन होतं, नियमपुस्तकातली किंमत ५० सोन्याची नाणी, त्याच्यासाठी आयुष्यभराची बचत. ते त्याने दिलं. शिवाय पार्टीला जन्मभर नदीपार फुकट. बार्डने पोशन परत केलं. पुढे एका लढाईत पोशनच्या त्या २डी४+२ (चार बाजूंचे दोन फासे अधिक दोन) हिट पॉइंटांवाचून, म्हणजे जिवाच्या गुणांवाचून, तोच बेशुद्ध पडला, आणि टेबलावर कोणीही त्याला बोल लावला नाही.

११. मागे राहिलेल्याची नोंद

सेशन संपल्यावर दहा मिनिटं बसा आणि या क्वेस्टमुळे जगात काय बदललं ते एका ओळीत लिहा. पुढे तिचा उपयोग करायचाच, असं बंधन नाही. माझी ओळ होती: घंटा आता नदी वाजवते, नदी वाहते आहे तोवर.

सहा सेशननंतर पार्टी शहरात होती, नदीपासून दोन दिवसांवर. किल्ल्यावर हल्ल्याचा बेत चालू होता, नकाशा टेबलभर पसरलेला, त्यावर चिवड्याची वाटी. दरम्यान राखेच्या पंथाच्या चाली माझ्या वहीत सरकत होत्या, त्यातली एक नदीच्या वरच्या अंगाला धरण बांधण्याची होती. मी म्हणालो, "खानावळीचं दार उघडतं. नावाडी उभा आहे. गुडघ्यापर्यंत चिखल आहे, पण वाळलेला."

रोग खेळणाऱ्या मैत्रिणीने हातातले फासे खाली ठेवले.

"काका, तुम्ही इथे? काय झालं?"

"नदी चार दिवस वाहत नाही, पोरी."

बार्डने नकाशावरची वाटी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "घंटा."